सत्यशीला सानपची जाऊ

सत्यशीला सानपला दोन जन्मतारखा आहेत आणि दोन्ही खोट्या आहेत. पहिली एक जून. ती गावच्या मास्तरांनी लावली. आमच्या जिल्ह्यात निम्मी जनता एक जूनलाच जन्मलेली आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांना तीच तारीख हाताशी असते. दुसरी बारा नोव्हेंबर. ती कारखान्याच्या तळावरच्या साखरशाळेतल्या बाईंनी लावली, कारण नाव घातलं त्या दिवशी बारा नोव्हेंबर होता. खरी तारीख आईला, म्हणजे लंकाबाईला विचारली तर ती सांगते, "बाजरी काढायला आल्ती तवा झाली. सकाळी का दुपारी ते इचारू नका, मला काम हुतं."

जामखेडच्या पूर्वेला एका वस्तीवर हे घर. दिवाळी झाली की वडील भिमाजी आणि लंकाबाई कोयता घेऊन ऊसतोडीला उत्तरेकडे जायचे, पोरगी बरोबर. गावच्या शाळेत दर दिवाळीनंतर 'सतत गैरहजर' म्हणून तिचं नाव कमी व्हायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत चढायचं. तळावरच्या शाळेत बरोबर याच्या उलट. दहावीच्या फॉर्मला दोन दाखले निघाले. क्लार्कनं दोन्ही टेबलावर ठेवले आणि विचारलं, "यातली तू कोणती?"

"दोन्ही," ती म्हणाली.

"दोन्ही कशी असशील? एक कोणतीतरी खोटी."

"मग तुम्हीच सांगा, मी जाते कुठं?"

हे प्रकरण दीड वर्ष चाललं. आपण डेटाबेसच्या धंद्यात पडलो त्या क्लार्कच्या रागानं, असं तिचं म्हणणं. माझ्या मते बाई मुळातच भांडकुदळ आहे, क्लार्क निमित्ताला सापडला.

मी कानिफनाथ. नगरच्या सावेडीत माझं सीसीटीव्हीचं दुकान आहे. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती सहा वर्षांपूर्वी राहायला आली. त्याआधी पुण्यात नऊ वर्षं नोकरी केली होती. ती का सोडली विचारलं तर म्हणाली, "मॅनेजर म्हणाला, चालतंय ना, मग हात कशाला लावतेस? मी म्हटलं, चालतंय कसं ते तुम्हाला माहीत नाही म्हणून." तिथून ती थेट नगरला आली. सोसायटीच्या चेअरमनला पहिलं वर्षभर वाटत होतं की ही बाई शेअर बाजार खेळते. लंकाबाईनं तर वस्तीवर सांगून टाकलं होतं की पोरीचं काम मल्टिमास्टरचं आहे, तिच्या हाताखाली लई मास्तर हायेत.

मलाही काही कळत नव्हतं. एकदा तिचा राउटर बसवायला गेलो तेव्हा विचारलं, ताई, तुम्ही नक्की करता काय?

"तुमच्या दुकानात तक्रारींची वही आहे ना, कानिफभाऊ?"

"आहे."

"समजा जामखेडला तुमच्या भावानं दुसरं दुकान काढलं. वही तीच, पण एक प्रत त्याच्याकडे. तुम्ही पण त्यात लिहिणार, तो पण लिहिणार. कुणी कुणाला विचारायचं नाही. फोन लागला की दोन्ही वह्या एकसारख्या झाल्या पाहिजेत."

"भांडणं होतील."

"ती मिटवायचं काम माझं."

बहुतेक ठिकाणी एकच मालक वही असते म्हणे. लिहायचं त्या एकीत, बाकीच्या नुसत्या नकला. हिला सगळ्या वह्या मालक करायच्या होत्या; लंकाबाईचं 'मल्टिमास्टर' ते हेच. आणि तेही एका फुकट, सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या डेटाबेसवर, जो जगभरातले लोक मिळून बांधतात. खुला म्हणजे काय, तर कुणीही आतलं वाचावं, कुणीही सुधारावं आणि कुणीही तुमची अक्कल काढावी. यातलं तिसरं काम करायला माणसांची कधी कमी पडत नाही.

तिनं आपल्या प्रोग्रॅमचं नाव ठेवलं होतं 'जाऊ'. एका चुलीपाशी दोन जावा, दोघी मालकिणी, भाजीत मीठ एकदाच पडलं पाहिजे. परदेशातले लोक त्याला 'जॉ' म्हणायचे आणि इंग्रजीतलं जबडा समजायचे. तिनं ते कधी सुधारलं नाही.

त्या मूळ डेटाबेसच्या दारावर एक राखणदार बसलेला होता. फिनलंडचा, नाव पेक्का. त्याच्या होकाराशिवाय आत काही जात नसे. सत्यशीलानं पहिल्यांदा आपलं काम पाठवलं तेव्हा त्यानं एक्केचाळीस प्रश्न विचारले. त्यातला शेवटचा होता, "हे हवंय कुणाला?" एका सेटिंगचं नाव जोडून लिहायचं की तोडून, यावर त्या लोकांनी ईमेलवर अकरा आठवडे वाद घातला. औषधालाही कुणी हसलं नाही, सगळे गंभीर. मधे ब्राझीलचा एक पोरगेलासा गडी मदतीला आला होता, अर्धा अवघड भाग त्यानं झकास लिहिला आणि मग त्याला जुळं झालं. त्यानंतर तो दिसला नाही. फुकटच्या कामात हेच असतं. माणूस कुठल्या दिवशी बाप होईल सांगता येत नाही आणि त्याचं लिहिलेलं नंतर तुम्ही निस्तरायचं.

पेक्काच्या प्रश्नाला उत्तर २०२३ साली सापडलं. माळरान आरोग्य मंडळ म्हणून एक छोटी संस्था आहे. ऊसतोड कुटुंबांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवते. अडचण अशी की माणसं सहा महिने गावात आणि सहा महिने तळावर. गावाकडे दिपाली नावाची नर्स, तळावर राजेश्वरी नावाची नर्स. लस एकीनं टोचायची आणि दुसरीला पत्ता नाही. एकेका पोराला तोच डोस दोनदा मिळालेला. तळावर मोबाईलचा टॉवर म्हणजे रुसका जावई, आला तर आला. आठ-आठ दिवस नेट नाही. म्हणजे मधली एक मालक वही ठेवून भागणार नव्हतं. दोघींकडे आपापली पूर्ण वही पाहिजे आणि नेट आलं की त्या जुळल्या पाहिजेत.

सत्यशीला हे ऐकून दोन दिवस नुसती खूश होती. तिच्यासाठी तो नवस फेडण्यासारखा प्रकार होता. कंप्युटर बसवायचं काम मला दिलं. दिवाळीनंतर दोन्हीकडे जाऊन मी दोन मशिनी लावून आलो. चहा झाला, नारळ फुटला, राजेश्वरीबाईंनी खोबरं वाटलं.

झगडा कसा मिटवायचा याचा नियम तिनं सुरुवातीला साधा ठेवला होता. एकाच ओळीवर दोघींनी लिहिलं, तर ज्याची वेळ नंतरची, ते खरं. जगात सगळे हेच करतात म्हणाली. पेक्कालाही तेच पसंत होतं. त्याचं ठाम मत, भांडण डेटाबेसनं स्वतः मिटवावं, माणसाला विचारत बसू नये.

जानेवारीत वाल्मिकआबा वारले. हे म्हातारबाबा पोराबरोबर तळावर होते, तब्येत बिघडली म्हणून गावी आणलं, तिथं गेले. दिपालीनं रीतसर नोंद काढून टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून नणंदेच्या लग्नाला रजेवर गेली. तिच्या जागी पंकजा म्हणून शेजारच्या गावची सेविका आली. नवी मुलगी, कामसू. टॅबमधली यादी बघून घरोघर जायची. अशी ती वाल्मिकआबांच्या घरी पोचली. घराला कडी. शेजारणीनं सांगितलं, सगळे ओढ्यावर गेलेत. ही ओढ्यावर.

तिथं आबांचा दहावा चालला होता. पिंड मांडलेले, तास झाला तरी कावळा शिवत नव्हता, सगळे आभाळाकडे बघत बसलेले. पंकजानं टॅब काढला आणि आदबीनं विचारलं, "वाल्मिकआबांना जरा बोलवता का? बीपी बघायचंय."

आबांची बायको विजयमाला म्हणाली, "कुनाला?"

"वाल्मिकआबांना. हे बघा ना, महिन्यापूर्वी तळावर गोळ्या घेतल्यात त्यांनी. पुढची तारीख आजची हाय."

विजयमालाकाकूंनी टॅबकडे बघितलं, पिंडाकडे बघितलं, मग थोरल्या पोराकडे वळल्या. "तरीच म्हनलं कावळा का शिवंना. म्हातारा तळावर हाय व्हय? मग हितं आपुन जाळलं कुनाला?"

थोरल्यानं हात जोडून मोठ्यानं सांगितलं, "आबा, कंप्युटरातनं तुमचं नाव काढून टाकतो, शप्पत." आणि कावळा खाली आला. असं पंकजा सांगते. मला विचाराल तर कावळ्याला भूक लागली.

सत्यशीला ही गोष्ट ऐकून आधी माझ्या दुकानाच्या काउंटरवर डोकं ठेवून हसली. नंतर डोकं वर उचललं. "पुसणं सगळ्यात अवघड असतं," म्हणाली. "लिहिलेलं दाखवता येतं. पुसलेलं कसं दाखवणार? एकीनं पान फाडलं, दुसरीकडे ते पान आहेच. ती म्हणते, अगं तुझ्याकडे हे पान राहिलंय की, घे. आणि मेलेला माणूस परत येतो."

त्यावर उपाय म्हणजे पान फाडायचं नाही, त्यावर एक खूण ठेवायची, की हा माणूस गेला, परत आणू नका. ती खूणही दुसरीकडे पोचवायची. त्या कामात तिनं सहा आठवडे घातले. पेक्कानं विचारलं, या खुणा किती दिवस ठेवणार? काढल्या तर मेलेले उठतील, ठेवल्या तर डेटाबेसचं स्मशान होईल. प्रश्न बिनतोड होता म्हणून ती जास्तच चिडली. दोघांचं ईमेलवर जुंपलं. ती वर बसून टाइप करायची ते मला खाली ऐकू यायचं, कीबोर्डवर मसाला कुटल्यासारखं.

पण रोग दुसरीकडेच होता आणि तो मी केला होता.

फेब्रुवारीत एका सकाळी राजेश्वरीबाईंचा फोन आला. सत्यशीला तेव्हा दुकानातच होती. तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तुमचा कंप्युटर बाईचं रक्त बदलतो का?"

"म्हणजे?"

"ज्ञानेश्वरी म्हणून पोरगी हाय माझ्याकडं, आठवा लागलाय. माझ्या पडद्यावर तिचा रक्तगट बी पॉझिटिव्ह दिसतोय. तो मीच टाकलाय, ती तोंडानं म्हणली म्हणून. पण ती जानेवारीत गावी गेल्ती, तिथं दिपालीनं तपासणी केली. त्याचा कागद हिच्या पिशवीत हाय. ओ निगेटिव्ह. दिपालीला फोन केला, ती म्हणते मी टाकलंय की कंप्युटरात, तीनदा टाकलंय! मग गेलं कुठं?"

सत्यशीला उभी राहिली. निगेटिव्ह रक्ताच्या बाईला वेगळं इंजेक्शन लागतं, बाळंतपणात रक्त लागलं तर चुकीचं चालत नाही, एवढं तर मलाही माहीत होतं. "कागद खरा धरा," ती म्हणाली. "पडद्यावरचं काहीही खरं धरू नका. काहीही. मी निघाले."

माझ्या ओम्नी व्हॅनमधून आम्ही दोघं तळावर गेलो. तळावर कोप्यांच्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांच्या, रांगेच्या टोकाला पत्र्याची खोली होती, तिथं ते मशीन. ती खुर्चीवर बसली, काहीतरी उघडलं, बंद केलं, परत उघडलं. मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"कानिफभाऊ, हे साल कुणी टाकलं?"

तिथं २०३३ लिहिलं होतं. साल २०२४ चालू होतं, बसवलं तेव्हा २०२३. मशीन जुनं, आतला सेल उतरलेला, तो बदलून तारीख हातानं टाकावी लागली होती. तेवीसचे बत्तीस झाले, आणि नव्या वर्षात तेहतीस. आणि नेटवरून घड्याळ आपोआप जुळतं ती सोय मी बंद करून ठेवली होती, सीसीटीव्हीच्या डब्यात करतो तशीच, सवयीनं.

व्होल्टेजवर ढकलावं असं क्षणभर मनात आलं. पण राजेश्वरीबाई शेजारी उभ्या होत्या आणि दारात ज्ञानेश्वरी पोटावर हात ठेवून उभी होती. "मी," म्हटलं.

म्हणजे राजेश्वरीबाईंनी इथं जे काही लिहिलं ते सगळं नऊ वर्षं पुढचं ठरत होतं. दिपालीनं गावात काहीही टाको, तळाचं नंतरचं, म्हणून तळाचंच खरं. वाल्मिकआबांनी गोळ्या घेतल्या २०३२ साली. मग ते २०२४ साली मरतील कसे? प्रोग्रॅमनं दोन महिने दिपालीचं लिहिलेलं निमूटपणे फेकून दिलं होतं, एक शब्द न बोलता.

मला वाटलं आता ही मला तिथंच उसासारखी सोलणार. तिनं आवाजही चढवला नाही. "साल तुम्ही टाकलंत," म्हणाली. "पण एका माणसाचं बोट चुकलं आणि दोन तालुक्यांची वही खोटी पडली, अशी वही मी बांधली. घड्याळावर विश्वास ठेवा असं तुम्ही नव्हतं सांगितलं."

तिनं त्याच दिवशी दोन्ही मशिनी बंद केल्या. उरलेला हंगाम कागदावर. दिपालीला तळावर बोलावून घेतलं आणि तिघींनी नऊ दिवस बसून सहाशे बारा माणसांच्या नोंदी एकेक करून कागदाशी ताडल्या. त्र्याऐंशी चुकीच्या निघाल्या. मी चहा आणून देत होतो. दिपाली माझ्याशी चार दिवस बोलली नाही आणि ते बरोबरच होतं. ज्ञानेश्वरीला वेळेवर इंजेक्शन मिळालं, मार्चमध्ये ती सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली.

मग सत्यशीलानं ते केलं जे तिच्या धंद्यात फारसं कुणी करत नाही. साऱ्या जगाला दिसेल अशा त्या ईमेल यादीवर तिनं झाला प्रकार लिहून टाकला. वाल्मिकआबा, ओढा, रक्तगट, २०३२, सगळं. माझं नाव घातलं नाही, 'बसवताना साल चुकलं' एवढंच. शेवटी लिहिलं की जाऊ कुणी वापरत असाल तर आज बंद करा, ती चूक सांगत नाही, गिळते. हे वाक्य तिनं मला वाचून दाखवलं होतं.

प्रतिक्रिया आल्या. एक जण म्हणाला, हौशी लोकांनी असल्या कामात पडू नये. एकानं सल्ला दिला, घड्याळं नीट लावा. तिसऱ्यानं परत त्या सेटिंगच्या नावाचा विषय काढला. सहाव्या दिवशी पेक्काचं चार पानी पत्र आलं. एरवी दोन ओळींवर न जाणारा माणूस. त्यानं लिहिलं होतं की तुझी चिठ्ठी वाचून मी माझंच जुनं काम तपासलं आणि मूळ डेटाबेसमध्ये दोन जागी मीही असाच घड्याळावर विसंबलोय. घड्याळ सेकंद-दोन सेकंद चुकेल हे धरलं होतं, नऊ वर्षं चुकेल हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. पण माणसाला विचारावं हे मला अजून पटत नाही, असंही लिहिलं होतं. आणि खाली, पुढच्या हंगामात मी येऊन बघतो.

तोवर तिनं सगळं परत पायापासून काढलं. आता वेळ बघायचीच नाही. बघायचं ते एवढंच, की दिपालीनं लिहिलं तेव्हा राजेश्वरीचं आधीचं तिनं वाचलेलं होतं का? वाचून बदललं असेल तर दिपालीचं खरं. दोघींनी एकमेकींचं न बघताच लिहिलं असेल, तर ते भांडण. भांडण लपवायचं नाही. दोन्ही उत्तरं ठेवायची, ओळ लाल करायची आणि नर्सला विचारायचं, बाई, यातलं कोणतं?

डिसेंबरात पेक्का खरोखर आला. सहा फूट तीन इंच, पांढऱ्या भुवया, पाठीवर पिशवी. मी त्याला पुण्याहून आणला. ओम्नीत तो घडी घालूनच बसला. सावेडीच्या फ्लॅटवर लंकाबाई मुक्कामाला होती. गुडघ्यांमुळे तिची तोड दोन वर्षांपूर्वी सुटली होती. तिनं त्याला पायापासून वरपर्यंत निरखलं.

"शेती किती म्हनावं?"

सत्यशीलानं विचारून सांगितलं, "शेती नाही म्हणतो. वडिलांचं जंगल आहे थोडं."

"लाकूडतोड्या हाय व्हय. मग आपल्यातलाच." आणि तिनं त्याला दुसरी भाकरी वाढली. हाच तो माणूस, ज्यानं पोरीचं काम तीन वर्षं अडवून धरलं, हे तिला कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तळावर. टॉवर सहा दिवस बंद होता. पेक्का आपला फोन वर धरून कोप्यांमधून फिरला आणि परत आला. राजेश्वरीबाईंनी त्याला विचारलं नाही पाहुणा आहेस का काय, सरळ हातात वजनकाट्याचा हुक दिला. एका मागोमाग एक अकरा पोरं त्याच्या हाताला लटकली. एक त्याच्यावर मुतलं. बायकांनी विचारलं, लग्न झालंय का? दोनदा झालंय आणि दोनदा मोडलंय, हे कळल्यावर सगळ्यांना त्याच्याबद्दल एकदम माया वाटायला लागली.

दुपारी नेट आलं, वह्या जुळल्या आणि पडद्यावर चाळीस लाल ओळी उभ्या राहिल्या. राजेश्वरीबाईंनी खुर्ची ओढून त्याला बसवलं. "सांगा ह्यांना," सत्यशीलाला म्हणाल्या. "आधी तुमचा कंप्युटर गपगुमान खोटं बोलायचा, आता उठसूट माझ्याकडं गाऱ्हाणी आणतोय. मी पोरं बघू का ह्याची भांडणं मिटवू?"

सत्यशीलानं भाषांतर केलं, शब्द न गाळता. पेक्काच्या तोंडावर 'मी सांगत नव्हतो का' असं भलंमोठं लिहिलेलं दिसलं. पण तो एकेक ओळ वाचून घेऊ लागला, हे काय, ते काय. वाचता वाचता थांबला आणि बोटानं मोजू लागला. चाळीसातल्या एकतीस ओळी मोबाईल नंबरच्या होत्या. तोडीची माणसं सिम बदलतात, गावाकडं एक नंबर, तळावर दुसरा.

"यात भांडण कुठंय?" तो म्हणाला. "दोन्ही नंबर खरे आहेत. दोन्ही ठेवा."

सत्यशीलानं पडद्याकडे बघत मराठीत स्वतःलाच एक शिवी दिली. ती पेक्कानं भाषांतर करून मागितली, तिनं दिली नाही.

एकतीस गेल्या. उरलेल्या नऊमध्ये दोन रक्तदाबाच्या, चार नावाच्या स्पेलिंगच्या, दोन लसीच्या तारखांच्या आणि एक अ‍ॅलर्जीची. दिपालीनं लिहिलं होतं, पेनिसिलीन चालत नाही. राजेश्वरीनं लिहिलं होतं, काही नाही. पेक्कानं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि राजेश्वरीबाईंना विचारलं, ही मशीननं ठरवली तर चालेल का?

"ह्याला येड लागलंय का?" त्या म्हणाल्या. "त्या पोराच्या आईला विचारल्याबिगर मी ठरवायची न्हाई, ते डबडं काय ठरवणार?" आणि उठून त्या खरंच तिसऱ्या कोपीत विचारायला गेल्या.

हे भाषांतर करायची गरज पडली नाही. तो मान हलवत होता.

तो तळावर आणखी आठ दिवस राहिला. दोघं पत्र्याच्या खोलीत पोत्यावर बसून, कोणत्या रकान्यात दोन्ही ठेवायचं, कोणत्यात मोठा आकडा घ्यायचा आणि कोणत्यात माणसाला उठवायचं, हे राजेश्वरीबाईंना विचारून लिहून काढत होते. बाई कामातून फुरसत मिळेल तशी उत्तरं द्यायच्या, बहुतेक वेळा पाठमोऱ्या.

दुसरी 'जाऊ' २०२५च्या ऑगस्टमध्ये बाहेर पडली. मूळ डेटाबेसमध्ये तिला अजून जागा मिळालेली नाही. पेक्का आता तिच्या बाजूनं आहे, पण आत आणखी सहा पेक्का बसलेले आहेत. बाहेरून जोडायची वस्तू म्हणून ती चालते. कुठल्याशा बेटांवरच्या दवाखान्यांत चालते, एका मासेमारीच्या कंपनीच्या बोटींवर चालते, वापरणारे कळवतात तेव्हा कळतं. पेक्का तिचा दुसरा राखणदार झाला आहे. गेल्या महिन्यात त्या दोघांनी एकाच दिवशी एकच फाईल एकमेकांना न विचारता बदलली आणि तीन दिवस अबोला होता. मला आता सालाच्या, घड्याळाच्या किंवा वहीच्या कुठल्याही विषयावर बोलायची परवानगी नाही.

यंदा दिवाळीनंतर मंडळानं आणखी एका तळावर तिसरं केंद्र काढलं. दोघींचं जुळवणं सोपं होतं, तिसरी आली की कुणी कुणाचं किती वाचलंय हे सांभाळायला तिप्पट खटाटोप. तो तिनं निभावला. परवा मी वर गेलो तेव्हा दिपालीचा फोन चालू होता.

"मॅडम, एक रकाना वाढवून पाहिजे. मी माझ्याकडं वाढवला पण."

"काय केलंत?"

"वाढवला. यूट्यूबवर बघून. 'नवरा पितो का' असा. लई उपयोगी पडतो. पण राजेश्वरीताईंच्या कंप्युटरला ते माहीतच नाही वाटतं, त्यानं जुळवायचंच बंद केलंय."

सत्यशीलानं डोळे मिटले. चुलीपाशी एका जावेनं भिंत सरकवली आणि दुसरीला सांगितलंच नाही, असा काहीसा तो प्रकार असावा. मी हळूच माझी स्क्रूड्रायव्हरची पेटी उचलली.

"बसा, कानिफभाऊ," ती डोळे न उघडता म्हणाली. "आणि दिपाली, मला आधी सांगा, त्या रकान्यात आतापर्यंत किती 'हो' आलेत?"

"एकशे चार."

"आणि 'नाही'?"

"सहा. पण त्यातल्या चौघांच्या बायका माहेरी हायेत, त्यांना इचारलंच न्हाई अजून."